हिरा, मोटर आणि रात्रीचे अडीच

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

आज मी तुम्हाला एका हिऱ्याची गोष्ट सांगणार आहे. अंगठीतला नाही. साधारण साडेचार मिलिमीटर लांबी-रुंदीचा, अर्धा मिलिमीटर जाड, चपटा, आणि दिसायला इतका साधा की टेबलावर पडला तर काचेचा तुकडा समजून कुणी झाडून टाकेल. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. त्याला दोन्ही बाजूंनी धातूचा पातळ थर, त्याच्यामागे एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, आणि तो बोर्ड मी डिझाइन केलेला. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आम्ही हा हिरा घेऊन हँबुर्गला डेझी नावाच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. डेझी म्हणजे जर्मनीतली मोठी अ‍ॅक्सिलरेटर लॅब, १९५९ सालची. तिथे तुम्हाला तुमचा डिटेक्टर तपासायला इलेक्ट्रॉनचा बीम मिळतो. आठवडाभरासाठी. सोमवारी सकाळी येता, पुढच्या सोमवारी सामान उचलता, कारण दारात पुढची टीम खोकी घेऊन उभी असते.

पण आधी हे सांगते की बीमवर लक्ष ठेवायला हिरा कशाला लागतो. आणि मुळात लक्ष ठेवायचं कशाला?

एलएचसी सगळ्यांना माहीत आहे. जिनिव्हाजवळचं सर्न, २७ किलोमीटरचं वर्तुळ, प्रोटॉन एका सेकंदात ११ हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. डिझाइनप्रमाणे एका बीममध्ये २,८०८ पुंजके, प्रत्येक पुंजक्यात १०० अब्जांहून जास्त प्रोटॉन. या सगळ्या प्रोटॉनचं मिळून वजन किती? अर्धा नॅनोग्रॅम. धुळीचा बारीकसा कणही याहून जड निघेल. पण ऊर्जा किती? एका बीमची ३६२ मेगाज्यूल. चारशे टनांची रेल्वेगाडी ताशी दीडशे किलोमीटरने धावत असली तर तिची जेवढी, तेवढी. किंवा स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. घरगुती गॅस सिलिंडर पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या साधारण निम्म्याहून थोडी जास्त.

आता तुम्ही म्हणाल, अर्धा सिलिंडर, एवढंच? हो, एवढंच. पण सिलिंडर महिनाभर पुरतो. बीम वाट चुकला तर हे सगळं एका फेरीत, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी वेळात, एका जागी ओतलं जाऊ शकतं.

आणि हे नुसतं कागदावरचं भय नाही. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनमध्ये एक डिटेक्टर चुकून बीमच्या जवळ सरकला, बीम बिथरला, आणि त्याने एका टंगस्टनच्या कॉलिमेटरला भोक पाडलं, दुसऱ्या पोलादी कॉलिमेटरला लांबच लांब चर पाडली. २००४ मध्ये सर्नच्या एसपीएसमधून बीम बाहेर काढायच्या एका चाचणीत एका चुंबकातली निर्वात नळी चिरली गेली. कुणाला इजा झाली नाही, कारण बीम चालू असताना बोगद्यात माणूस नसतोच. पण यंत्र गेलं.

म्हणून बीमच्या वाटेवर पहारेकरी बसवतात. एलएचसीत असे सुमारे चार हजार आहेत. त्यातले बहुतेक नायट्रोजन भरलेल्या अर्ध्या मीटर लांबीच्या नळ्या. बीममधले काही प्रोटॉन भरकटले, कुठेतरी धडकले, की तिथून कणांचा फवारा उडतो, तो या नळीतून जातो, वायू आयनित होतो, विजेचा प्रवाह वाढतो. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की आदेश सुटतो: बीम टाकून द्या. मग तीन फेऱ्यांच्या आत पूर्ण बीम बाहेर वळवून ग्राफाइटच्या एका मोठ्या ठोकळ्यात जिरवतात. घरातला एमसीबी पडतो ना, तसंच. फरक इतकाच की घरातला एमसीबी पडला की खटका वर करून तुम्ही परत सिरियल बघायला बसता. इथे बीम टाकला की परत भरून टक्कर सुरू करायला काही तास जातात.

गंमत म्हणजे एलएचसीत अधूनमधून बीम पडायचं एक कारण धूळ आहे. नळीत सूक्ष्म कण वरून बीममध्ये पडतो, क्षणभर फवारा उडतो. त्याला तिथले लोक यूएफओ म्हणतात. उडती तबकडी नव्हे, 'अनोळखी पडणारी वस्तू'. शास्त्रज्ञांना पांचट विनोद करता येत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

तर पहारेकऱ्याचे गुन्हे दोन. एक, चोर आला आणि हा झोपला. दोन, मांजर आलं आणि याने अख्खी आळी उठवली. आपल्याला पहिला गुन्हा चटकन कळतो. दुसरा तितकाच महाग आहे, कारण सारखी खोटी बोंब मारणाऱ्या पहारेकऱ्याचा आवाज लोक शेवटी बंद करून टाकतात. मोबाइलवर रोज वीस फालतू नोटिफिकेशन देणाऱ्या अ‍ॅपचं तुम्ही काय करता? तेच.

बरं, मग हिरा का? जिथे कण टकरावतात त्या जागेच्या अगदी जवळ, बीमच्या नळीला खेटून, अर्ध्या मीटरची नळी मावत नाही. शिवाय तिथे किरणोत्सर्ग इतका की साधा सिलिकॉन हळूहळू खराब होतो. हिरा टिकतो. त्याच्यातून नुसता बसल्याजागी गळणारा प्रवाह नगण्य असतो. आणि तो चपळ आहे. अर्धा मिलिमीटर जाडीवर पाचशे व्होल्ट लावले की सिग्नल काही नॅनोसेकंदांत येतो आणि संपतो. एलएचसीतले पुंजके २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने येतात, म्हणजे कुठल्या पुंजक्याने गडबड केली हेही सांगता येतं. सर्नमधल्या मोठ्या प्रयोगांत असे हिरे बसवलेले आहेतच, ही काही आमची कल्पना नाही. आमचं काम त्यातला एक छोटा तुकडा: अ‍ॅम्प्लिफायरचा नवा नमुना.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. सिलिकॉनला उजेड दिसतो, म्हणून त्याला अंधारात ठेवावं लागतं. हिऱ्याला साधा उजेड दिसत नाही, त्याचा बँड गॅप साडेपाच इलेक्ट्रॉनव्होल्ट, दिसणाऱ्या प्रकाशात तेवढी ताकद नाही. हिऱ्यासारखी चमकणारी वस्तू उजेडाला आंधळी. असो.

एक वेगवान कण या अर्ध्या मिलिमीटरमधून आरपार गेला की दर मायक्रॉनला सरासरी ३६ इलेक्ट्रॉन सुटे होतात. पाचशे मायक्रॉन, म्हणजे अठरा हजार. ऐकायला भरपूर वाटतं. पण तुमच्या फोनच्या चार्जरमधून एक अँपिअर येत असेल तर दर सेकंदाला सहावर अठरा शून्य एवढे इलेक्ट्रॉन जातात. आमच्याकडे अठरा हजार. ही कुजबुज ऐकायची, तीही काही नॅनोसेकंदांत.

आता डेझीतला बीम. तिथे डेझी-टू नावाचं साधारण तीनशे मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन आहे. त्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाटेत केसापेक्षा बारीक कार्बनचा धागा धरतात. इलेक्ट्रॉन त्याला घासून गॅमा किरण सोडतात, ते धातूच्या पत्र्यावर पडून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन तयार होतात, आणि मग एक चुंबक त्यातले हव्या त्या ऊर्जेचे निवडून तुमच्याकडे पाठवतं. एक ते सहा जीईव्ही. ऊर्जा जास्त मागितली की कण कमी मिळतात, कमी मागितली की ते वाटेत जास्त वाकडेतिकडे होतात. आम्ही चार घेतली. तडजोड.

आणि काय सांगू, तिथे बीमचं शटर तुम्हीच उघडता. पहिल्यांदा मला खरं वाटेना. सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, डोसीमीटर छातीला लावायचा, मग आत फिरून कुणी राहिलं नाही ना बघायचं, बटण दाबायचं, इशारा वाजतो, बाहेर येऊन दार बंद. हे सगळं नीट झालं तरच शटर उघडतं. दार उघडं राहिलं तर बीम येणारच नाही. आठवड्यात हे मी किती वेळा केलं मोजलं नाही. कारण प्रत्येक वेळी बाहेर आलं की आठवतं, आत एक केबल उलटी लावलीये.

पहिले दोन दिवस जुळवाजुळवीत गेले. तिथे एक टेलिस्कोप असतो. आकाश बघायचा नाही, हं. सिलिकॉन पिक्सेलचे सहा पडदे, तीन तुमच्या डिटेक्टरच्या पुढे, तीन मागे. कण कुठून आला, कुठे गेला हे ते काही मायक्रॉनपर्यंत सांगतात. आमचा हिरा मधे, एका सरकत्या स्टेजवर, जी स्टेपर मोटरने इकडेतिकडे हलते.

मंगळवारी रात्री पहिला आकडा आला आणि माझ्या पोटात गोळा. बारा ट्रिगरमागे हिऱ्यात सिग्नल कसाबसा एकदा. म्हणजे पहारेकरी बाराव्या चोराला जागा होतो! मी बोर्डाला, स्वतःला, नशिबाला शिव्या देऊन घेतल्या. मग आमच्या गटातला पोस्टडॉक, इटालियन आहे, शांतपणे म्हणाला, "ट्रिगर देणारा सिंटिलेटर किती मोठा आहे?" दोन सेंटिमीटर बाय एक. म्हणजे दोनशे चौरस मिलिमीटर. हिऱ्यावरचा धातूचा चौकोन चार बाय चार, सोळा. दोनशे भागिले सोळा करा. बहुतेक इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या बाजूने निघून जात होते, आणि मी त्यांना हिऱ्याने पकडलं नाही म्हणून रडत होते. टेलिस्कोपवरून फक्त हिऱ्यातून गेलेले कण निवडले, तर जवळजवळ प्रत्येक कणाला सिग्नल. काय सुंदर आलेख होता तो! काळ्या पडद्यावर हिऱ्याचा चौकोन अगदी कापून ठेवल्यासारखा. मी त्याचा फोटो आईला पाठवला. आई म्हणाली, "वडी छान पडलीये."

गुरुवारपर्यंत सगळं सुरळीत. शेवटचे तीन दिवस फक्त स्कॅन: स्टेज थोडी हलवा, थांबा, डेटा घ्या, परत हलवा. पुढच्या महिन्यात आमच्या बोर्डाची छाननी होती. पास झाला तर हेच डिझाइन पुढे जाणार, आणि माझ्या थीसिसचं एक प्रकरण तयार.

शुक्रवारी रात्री पाळीवर मी एकटीच जागी होते, पोस्टडॉक खुर्चीत डुलक्या घेत होता. स्टेज नव्या जागी न्यायची म्हणून मी शटर बंद केलं. ऑसिलोस्कोप मात्र दुपारपासून दुसऱ्याच कामासाठी हिऱ्याच्या स्वतःच्या सिग्नलवर ट्रिगर होईल असा ठेवला होता, तो बदलायचा राहिला. मी स्टेज हलवली. आणि पडदा पल्सनी भरून गेला.

पहिला विचार, कॉस्मिक. आकाशातून म्युऑन येतच असतात, साधारण एका चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला एक. पण आमचा हिरा चौरस सेंटिमीटरचा सहावा हिस्साही नाही. म्हणजे सहा मिनिटांना एक दिसला पाहिजे. इथे सेकंदाला कित्येक. दुसरा विचार, शटर उघडं राहिलं. नाही, दिवा बंद. मग स्टेज जागेवर पोचली, मोटर थांबली, आणि पडदा चिडीचूप.

घड्याळात अडीच वाजले होते.

परत हलवली. परत पल्स. थांबवली, शांत. पल्सचा आकारही असा की खऱ्या कणाच्या शेजारी ठेवला तर मला ओळखता आला नसता.

आपल्याकडे मिक्सर लावला की जुना रेडिओ खरखरायचा ना? किंवा गणपतीच्या मंडपात माइकवाल्याच्या स्पीकरमधून 'गुंईं' येतं, मग तो धावत जाऊन एक पिन काढतो, आणि ते थांबतं? तेच. माझ्या बोर्डाचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलेलं होतं. एक केबलच्या वेष्टणातून रॅककडे. दुसरी, बोर्डाच्या स्क्रूमधून धातूच्या होल्डरला, होल्डरमधून स्टेजला, म्हणजे मोटरच्या घरात. दोन वाटा म्हणजे एक मोठा फेरा, आणि मोटरच्या प्रवाहाचे झटके त्या फेऱ्यात आयते उतरत होते. ते स्क्रू मी ठेवले होते. 'जास्त अर्थिंग म्हणजे जास्त चांगलं' असं मला वाटलं होतं.

पण मग चार दिवस हे दिसलं कसं नाही? इथे मला खरं शहाणपण आलं. स्टेज हलताना आम्ही डेटा घेत नव्हतो. आणि डेटा घेताना आम्ही हिऱ्याला विचारायचो तेव्हाच, जेव्हा सिंटिलेटर सांगायचा की आत्ता कण गेलाय. म्हणजे परीक्षेत शेजारचा मुलगा उत्तर सांगतोय. बोगद्यात असा शेजारी नसतो. तिथे मॉनिटरला स्वतःच ठरवायचं असतं की हा कण आहे की मोटर. आमच्या त्या सुंदर आलेखाने फक्त एवढंच सांगितलं होतं की चोर आला की हा उठतो. चोर नसताना काय करतो, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

मी पोस्टडॉकला उठवलं. त्याने बघितलं, डोळे चोळले, म्हणाला, "बोगद्यात ही स्टेज नसणारे. ही फक्त इथली भानगड आहे. स्कॅन पूर्ण कर, हलतानाचं सोडून दे."

आणि खरं सांगते, त्याचं चूक नव्हतं. तो खोटं बोल म्हणत नव्हता. टेस्ट बीममध्ये अशा शंभर स्थानिक भानगडी असतात, सगळ्यांच्या मागे लागलात तर आठवडा संपतो. आणि माझ्या मनात दुसरं काय होतं? सुटका. पाच सेकंद मला वाटलं, बरं झालं, हाच म्हणाला. मोठ्या माणसाने परवानगी दिली.

मग मी म्हटलं, "कॉलिमेटर असतील की. त्यांचे जबडे स्टेपर मोटरनेच हलतात."

तो काही बोलला नाही. उठला, कॉफी करून आणली, दोन कप. मग म्हणाला, "मोजूया."

आम्ही स्कॅन थांबवला. शटर बंद ठेवून तासभर मोटर बंद: कॉस्मिकच्या हिशेबाने दहाएक पल्स यायला हवेत, तेवढेच आले. मग तासभर मोटर पुढेमागे चालू: मोजणी हजारांत गेली. होल्डर आणि स्टेजच्या मधे कॅप्टनची टेप लावली, ती पिवळी, उष्णता सोसणारी, लॅबमध्ये प्रत्येक दुखण्यावर हीच लावतात. स्क्रू प्लॅस्टिकचे घातले. मोजणी दहाव्या हिश्श्यावर आली. पण शून्य नाही. म्हणजे फेरा हा एकच दोष नव्हता, बोर्ड नुसता उघडाही होता. त्याला नीट बंद धातूचा डबा हवा होता, जो मी जागा वाचवायला काढून टाकला होता.

या मोजमापात शनिवार गेला. बीम येत होता आणि आम्ही शटर बंद करून बसलो होतो. ज्या बीमसाठी महिनोन् महिने आधी अर्ज करतात, तो येतोय आणि आपण तो नको म्हणून बसलोय. शेजारच्या हटमधला एक जण डोकावून विचारून गेला, "तुमचा बीम गेलाय का? आमचा तर आहे." काय सांगणार.

स्कॅनचे उरलेले बिंदू राहिले ते राहिलेच. रविवारी रात्री मी लॉगबुकात लिहिलं: रन क्रमांक, वेळ, मोटर चालू, शटर बंद, मोजणी, कारण, आणि कारणात 'होल्डरचे स्क्रू, माझं डिझाइन'. पोस्टडॉकने वाचलं आणि 'माझं'च्या जागी 'आमचं' केलं. मी परत 'माझं' केलं. मग त्याने सोडून दिलं.

सोमवारी सकाळी आठला पुढची टीम आली. आम्ही अजून केबली गुंडाळत होतो. त्यांच्याकडेही एक स्टेज होती. मी त्यांच्यातल्या एकीला ती कॅप्टन टेपची उरलेली गुंडाळी दिली आणि ऑसिलोस्कोपवर बोट ठेवून सांगितलं, एकदा शटर बंद करून मोटर चालव आणि बघ. ती हसली. तिला वाटलं असेल, हिची झोप झालेली नाही.

छाननीत आमचा बोर्ड पास झाला नाही. एकाने विचारलं, "हा प्रश्न तुम्हाला कसा सापडला?" मी म्हटलं, ऑसिलोस्कोपची सेटिंग बदलायला विसरले म्हणून. खोली हसली, पण मी खरंच सांगत होते. त्यांनी यादीत एक ओळ वाढवली: यापुढे प्रत्येक नमुन्याची बीमशिवाय, जवळ मोटर चालवून मोजणी करायची. थीसिसचं ते प्रकरण अजून अर्धंच आहे.

आता नवा बोर्ड आलाय. अर्थिंग एकाच जागी, होल्डर प्लॅस्टिकचा, आणि अ‍ॅल्युमिनियमचा डबा, ज्यामुळे तो आधीपेक्षा चार मिलिमीटर जाड झालाय. ते चार मिलिमीटर नळीजवळ कुठे बसवायचे यावर यांत्रिक विभागाशी माझं भांडण चालू आहे, आणि त्यांचंही चूक नाहीये. परवा टेबलावर पहिली चाचणी घेतली. बीम नाही, हिराही नाही, नुसता बोर्ड आणि शेजारी एक मोटर. बाजारातली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात आवाज करणारी मोटर मुद्दाम मागवली होती.

रात्रभर चालू ठेवून घरी आले. सकाळी मोजणीत तीन पल्स होते. हिरा नसताना तीन. ते कुठून आले ते शोधतेय. चला, आज इथेच थांबते.